दमले म्हणायचं होतं

टेबलाभोवती हशा पिकला तेव्हा ऑपरेटरबाईंना आपलं काय चुकलं तेच कळेना. शेवटी मुलानेच हसू आवरत सांगितलं, "आई, स्पॅनिशमध्ये 'कान्सादा' म्हणजे दमलेली. तू 'कासादा' म्हणालीस. म्हणजे माझं लग्न झालंय, मला नवरा आहे!"

नवरा जाऊन सहा वर्षं झालेल्या बाईच्या तोंडची ही चूक पोटच्या मुलाला विनोदी वाटावी, याचा बाईंना जास्त राग आला. सूनही हसत होती. हसल्या नाहीत त्या फक्त विहीणबाई, सुनेची आई, ज्यांची मायबोलीच स्पॅनिश.

बाईंनी हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर जन्म काढला होता. घाबरलेली, बोबडी वळलेली, अर्धवट बोलणारी माणसं त्यांनी समजून घेतली आणि ज्याला त्याला हव्या त्या वॉर्डाशी जोडून दिलं. कुणाच्या बोलण्याला त्या कधी हसल्या नाहीत. निवृत्तीनंतर सुनेच्या माणसांशी बोलता यावं म्हणून स्पॅनिशच्या क्लासला जाऊ लागल्या. भांडी घासताना घोकायच्या: केस 'काबेयो', घोडा 'काबायो', भूक 'आम्ब्रे', माणूस 'ओम्ब्रे'. दोन वर्षं जिभेशी झटापट केली, ती काय असा तमाशा व्हावा म्हणून?

"तू मराठीतच बोल," मुलगा म्हणाला. "मी सांगतो त्यांना. उगाच घोळ नको."

तेवढ्यात विहीणबाईंनी वाडग्याकडे बोट दाखवून लेकीकडून शिकलेलं मराठी बाहेर काढलं. "सूप... चांगली आहेस." मुलाने टाळ्याच वाजवल्या. किती गोड बोलता, किती पटकन शिकलात, असं त्याचं सुरू झालं.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. विहिणीवर त्यांचा राग नव्हता, ती बिचारी मनापासून बोलली होती. पण सासूची चूक गोड आणि आईची चूक म्हणजे घोळ, हा कुठला न्याय? याच पोराला शाळेत जाईपर्यंत 'र' म्हणता येत नव्हता. शेजारी नक्कल करायचे, तेव्हा तरातरा त्यांच्या दारात जाऊन कोण भांडून आलं होतं?

"सासूबाईंचं कौतुक जरूर कर," त्या म्हणाल्या. "पण तू बोबडं बोलायचास तेव्हा मी तुला गप्प बसवलं नव्हतं."

बाई ताटल्या गोळा करून स्वयंपाकघरात गेल्या. पाठोपाठ विहीणबाई आल्या आणि न विचारता फडकं घेऊन ताटल्या पुसू लागल्या. जरा वेळाने त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे मान वळवून हळूच काहीतरी विचारलं. बाईंनी नळ बंद केला आणि त्या नवऱ्याबद्दल सांगायला लागल्या. भूक आणि माणूस बहुतेक पुन्हा एकमेकांच्या जागी जाऊन बसले. विहीणबाई मान डोलवत ऐकत होत्या.

मुलगा दाराशी आला. "आई, तू काय म्हणतेस ते मी त्यांना सांगू का?"

बाईंनी मागे न बघता ओला हात वर केला.

"लाइन बिझी आहे," त्या म्हणाल्या, आणि अर्धं राहिलेलं वाक्य शब्द शोधत शोधत पुढे बोलू लागल्या.