खडूची गाडी

झोपायची सोय असलेली गाडी भाड्याने घेऊन डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानात जायचं, तर सासूबाईंचा होकार हवा होता. म्हणून सुतार जावयाने बाहेरच्या खोलीत फरशीवर खडूने अख्खी गाडी मापात आखली: ओटा, कपाट, तीन पलंग. दिवसभर तो, त्याची बायको आणि सासूबाई अशा तिघांनी त्यातच राहून बघायचं ठरलं.

दुपारी सासूबाई पाणी प्यायला उठल्या.

"आई, भिंतीतून गेलात तुम्ही."

"दारासमोर कपाट आखलंय जावईबापू, जाऊ कुठून?"

त्याने कपाट पुसलं. सासूबाई रीतसर दारातून परत आल्या आणि गाडीभर नजर फिरवून म्हणाल्या, "बाकी झकास. चालवणार कुठे बसून?"

सुतार खडूसारखा पांढरा पडला. बायकोने उशीत तोंड खुपसलं.

"माझा पलंग पुसा आणि तिथे दोन खुर्च्या आखा," सासूबाई म्हणाल्या. "मी पुढेच बसेन. तुम्हाला एकट्याला रस्ता कुठला सापडायला?"

होकार मिळाला होता. सुताराने फडकं उचललं.