पंचविसावा सामना

कार्ल हेब्डनच्या करारात एक ओळ होती, आणि गेले पाच आठवडे ती त्याच्या उशाशी बसून होती. हंगामातले पंचवीस सामने तो पहिल्या शिटीपासून खेळला, तर आणखी एक वर्ष आपोआप पक्कं. मार्चअखेर चोवीस झाले, आणि त्यानंतर हॅल्डन टाउनला त्याचा अचानक विसर पडला. दर शनिवारी तो राखीव खेळाडूंच्या बाकावर. असल्या गोष्टी क्लबात कुणी तोंडाने बोलत नाही. मोल्सवर्थ, म्हणजे त्यांचा गॅफर, संघ निवडणारा माणूस, ताकास तूर लागू देत नव्हता. "तुझ्या गुडघ्याला जरा आराम," एवढंच म्हणायचा. सतरा वर्षांत त्या गुडघ्याची विचारपूस कुणी केली नव्हती.

गुडघा गेला होता हे खरंच. पण पस्तिशीच्या बचावपटूला दुसरीकडे घेणार कोण? सात क्लब झाले, सगळे खालच्या पायरीवरचे. चेंडू डोक्याने परतवणं आणि समोरच्याच्या आडवं पडणं सोडलं तर त्याला दुसरं काही येत नव्हतं. बायको जेम्मा रोज विचारायची, भाड्याचं घर ठेवायचं की सोडायचं. तो म्हणायचा, शनिवारपर्यंत थांब.

आज तो शेवटचा शनिवार होता. टाउनला बरोबरी पुरे होती. हरले तर लीगमधूनच बाहेर, आणि मग धुणं बघणाऱ्या ब्रेंडापासून सगळ्यांची उचलबांगडी. अकरा जणांची यादी पंचाकडे गेली, त्यात हेब्डन नव्हताच.

सामन्याआधी अंग मोकळं करताना कप्तान जर्मेन प्रिडी अचानक मांडी धरून खाली बसला. हेब्डन आणि प्रिडी चार वर्षं बचावात शेजारी खेळलेले. रीत ठरलेली होती: उंच चेंडूवर प्रिडी झेपावायचा आणि हेब्डन त्याच्या मागची जागा राखायचा. प्रिडी कधी मागे वळून बघत नसे.

गॅफर कपडे बदलायच्या खोलीत आला. चेहरा पडलेला होता. "हेब्स, तयार हो," म्हणाला, आणि पंचाला सांगायला निघाला.

हेब्डनने एक बूट चढवला, नाडी बांधली, आणि मग प्रिडीच्या पायाकडे पाहिलं.

"बाहेर उजवी धरली होतीस," तो हळूच म्हणाला. "बर्फ डावीवर आहे."

प्रिडीने खाली पाहिलं. "तुला आवडेल ती धर. बूट घाल, म्हाताऱ्या."

"नाव खोडलं की आज तू बाहेर. परत उतरता येणार नाही."

"बरंच झालं. पाय वर करून मॅच बघतो."

"प्रिड्स, मी वीस मिनिटंही टिकत नाही. काल जिना उलटा उतरलो, कठड्याला धरून."

"टिकायला सांगतंय कोण? शिटी वाजली की पंचवीस झाले. मग पड खुशाल."

"आणि मागे कोण राहील?"

प्रिडीने बर्फाची पिशवी उगाच उजव्या मांडीवर सरकवली.

प्रिडीने खोट्या दुखण्यातून देऊ केलेली ती भेट हेब्डनला हवी होती. उगाच त्याला संत करण्यात अर्थ नाही. आणखी एक वर्ष, निदान सकाळी जायला एक ठिकाण, यासाठी त्याचा जीव तुटत होता. दुसरा बूट त्याने दोनदा उचलला. पण उभा जन्म दुसऱ्यांनी पाडलेली भगदाडं बुजवण्यात गेला होता, आणि आज टाउनच्या बचावात भगदाड तोच असणार होता. त्याला स्वतःचाच राग आला. दुसरा बूट तसाच टाकून, एका बुटावर खडखडत तो गॅफरच्या मागे दारापर्यंत गेला.

"नाव खोडू नका. नुसता पेटका होता. खेळेल तो."

मोल्सवर्थच्या दृष्टीने सुंठीवाचून खोकला गेला. पण त्याला हेब्डनच्या नजरेला नजर देता येईना. "नक्की?" त्याने जमिनीकडे बघत विचारलं.

"नक्की."

मागून प्रिडी पुटपुटला, "गाढव आहेस तू."

शून्य-शून्यवर सामना रडतखडत चालला. पंच्याऐंशीव्या मिनिटाला प्रिडीच्या जोडीदाराचे दोन्ही पाय आखडले. गॅफरने बाकाकडे पाहिलं. बचावातला माणूस एकच उरला होता. हेब्डन उठला. बदली म्हणून उतरलेलं करारात धरत नाहीत, हे त्याला, प्रिडीला आणि गॅफरला, तिघांनाही ठाऊक होतं.

शेवटच्या मिनिटाला लांबून उंच चेंडू आला. प्रिडी न बघता झेपावला, आणि चुकला. चेंडू त्याच्या डोक्यावरून मागे पडला, अगदी समोरच्या संघाच्या आघाडीवाल्याच्या पायापुढे. हेब्डन तिथे होता. दुखऱ्या पायावर भार टाकून त्याने चेंडू थेट मोटारी लावायच्या जागेत भिरकावला. गुडघ्यात काहीतरी कट्कन वाजलं. मग शिटी झाली, लोक मैदानात घुसले आणि त्यांनी प्रिडीला खांद्यावर घेतलं.

खोलीत सगळे नाचत होते. अध्यक्ष येऊन हेब्डनचा हात हातात घेऊन म्हणाले, "हॅल्डन हे कधी विसरणार नाही." पुढच्या मंगळवारी जाहीर व्हायची यादी त्यांना तोंडपाठ होती. कुणाला ठेवायचं, कुणाला सोडायचं, सगळं ठरलेलं होतं. हेब्डनने मान डोलावली. त्याला रडू येत होतं आणि रडण्याचाही कंटाळा आला होता. फोनवर जेम्माचा निरोप होता: घराचं काय? त्याने लिहिलं: सोड.

प्रिडी शेजारी येऊन टेकला. हेब्डनला वाकता येत नव्हतं, म्हणून प्रिडीच खाली बसून त्याच्या बुटाची नाडी सोडू लागला. गाठ चिखलाने घट्ट झाली होती.

"मी मागे बघितलंच नाही," प्रिडी म्हणाला.

"ठाऊक आहे," हेब्डन म्हणाला. "पुढच्या वर्षी बघत जा."