दोन नावांची पाटी

पालिकेने ठरवले की गावातल्या प्रत्येक घराच्या पाटीवर घरधन्यासोबत घरधनिणीचेही नाव लागेल, आणि नावे लिहून आणायचे काम शिपाई सत्यवतीकडे आले. गोव्याला राज्याचा दर्जा मिळून सहा वर्षे झाली होती. नगरसेविका वत्सलाबायनी हा ठराव भांडून संमत करून घेतला होता. वही सत्यवतीच्या हातात देताना त्या म्हणाल्या, "तुझं अक्षर सुरेख आहे. आणि तू कुणाशी हुज्जत घालत नाहीस."

ते खरे होते. सत्यवती कुणाशी हुज्जत घालत नसे, कारण कुणाशी फारशी बोलतच नसे. तिचा नवरा कृष्णनाथ खाणीवरचा ट्रक चालवायचा. नऊ वर्षांपूर्वी फोंड्याला फेऱ्या मारता मारता तो तिथेच एका बाईकडे राहिला. पहिली दोन वर्षे सत्यवतीने वाट पाहिली. मग मांडी घालून बसून पाय बधिर व्हावा तसे आत काहीतरी बधिर झाले, आणि त्याला मुंग्या येऊन जाग आलीच नाही. घरात ती आणि सासू रुक्मिणी. दोघींचे दिवसाला दहा-बारा शब्द होत. तेवढ्यात भागायचे.

ती दारोदार फिरली. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. कुणी नवरा आल्यावर यायला सांगे, "घोव घरात नाय, मागीर ये." एक म्हातारी तर विचारातच पडली. "खंयचा नाव सांगू? लग्नात ठेवलेला की आवयन ठेवलेला?"

"तुमका होया ता सांगा," सत्यवती म्हणाली.

म्हातारी माहेरचे नाव अगदी हळू, कुणाची वस्तू न विचारता उचलावी तसे बोलली. सत्यवतीने ते लिहिले आणि ती पुढच्या घराकडे वळली.

स्वतःच्या घराच्या ओळीत तिने लिहिले, कृष्णनाथ आणि सत्यवती. लिहिताना तिला काहीच वाटले नाही.

त्याच महिन्यात पालिकेच्या सभागृहात बायकांसाठी मेळावा झाला. सत्यवतीने जमखाने अंथरले, चहा आणि उंडे पाव वाटले आणि दाराशी उभी राहिली. पल्लवी नावाची तरुण वकील बोलत होती. "पोर्तुगिजांच्या वेळेपासून आपल्याकडे हा कायदा आहे. लग्न झालं की नवऱ्याचं घर दोघांचं होतं, अर्धं अर्धं. बायकोच्या सहीशिवाय नवऱ्याला ते विकता येत नाही. पण आपण काय करतो? बोट दाखवतील तिथे सही करतो."

सत्यवतीने रिकामे कप गोळा केले.

कृष्णनाथ आला तो रविवारी, दुपारी, ती जेवत असताना. सोबत कुणी नव्हते, बगलेत कागद होते. केस पिकले होते, पोट सुटले होते. तो आईच्या पाया पडला आणि कालच गेल्यासारखा खाटेवर बसला.

"घराक गिऱ्हाईक मिळाला," तो म्हणाला. "खाणवाल्या कंत्राटदाराक गोदामासाठी जागा होयी. हंय सही कर."

"आनी आमी खंय जावचा?"

"आवय माझ्याकडे येतली. तू इब्रामपूरला भावाकडे जा. तुझा काय, नोकरी आसा."

सत्यवतीने भाताचा घास घेतला. कोपऱ्यात जेवत बसलेल्या रुक्मिणीकडे तिने पाहिले. म्हातारी जमिनीकडे बघत होती.

"मी सही करूची नाय," सत्यवती म्हणाली.

कृष्णनाथला नीट ऐकू आले नसावे. "काय?"

"करूची नाय. माझ्या सहीशिवाय विकूक येना नाय."

तो उठला, ओरडला, पालिकेने बायकांची डोकी फिरवली म्हणाला. तिचे ताट पायाने बाजूला सारले. रुक्मिणी भिंतीला धरून उठली, दोघांच्या मधे येऊन उभी राहिली आणि मुलाला म्हणाली, "मी फोंड्याक येवची नाय. तू जा."

तो गेला. सत्यवतीने सांडलेला भात गोळा केला. आपल्याला रडू यायला हवे, किंवा निदान राग, असे तिला वाटले. तिने थोडा वेळ वाट पाहिली. मग फरशी पुसली. रुक्मिणीने आपल्या ताटातला भात तिच्यापुढे सरकवला, आणि दोघींनी तो खाल्ला.

महिन्याभराने कृष्णनाथ कंत्राटदाराला घेऊन पुन्हा आला. तिने पुन्हा तेच सांगितले. कंत्राटदाराने हमरस्त्यालगत दुसरी जागा घेतली, आणि कृष्णनाथ त्यानंतर फिरकला नाही. पाट्या तयार होऊन आल्या, त्यांच्याही दारावर एक लागली.

ही हकीकत वत्सलाबायपर्यंत पोचली. पुढच्या मेळाव्यात त्यांनी सत्यवतीला सगळ्यांसमोर उभे केले. तिला सभेत बोलता येत नव्हते. ती एवढेच म्हणाली, "कागदार बायलेची सही लागता. वाचल्याशिवाय करू नकात." टाळ्या वाजल्या. ती दाराशी जाऊन उभी राहिली.

सगळ्या गेल्यावर ती जमखाने गुंडाळू लागली. तुये गावच्या कारखान्यात कामाला जाणारी एक मुलगी मागे रेंगाळत होती. गळ्यात नवे मंगळसूत्र होते.

"बाय, त्यावेळी तुका भीती नाय वाटली?"

सत्यवतीने खोटे सांगायचे नाही म्हणून नीट आठवून पाहिले.

"माका काय वाटलाच नाय," ती म्हणाली. "तरी जमला."

मुलीने जमखान्याचे दुसरे टोक उचलले.