मृत्युवर्षाचा रकाना

सूनबाईंनी सासूला मारलं ते एका मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी. हातून एवढं मोठं काम झाल्याचा पत्ताच नसल्यामुळे त्यांनी डबाही पोटभर खाल्ला.

त्या एका अभिलेखागारात नोंदणीचं काम करत. जुने फोटो, नकाशे, पत्रं यांची संगणकावर नोंद करायची: कुणी काढलं, कधी काढलं, काढणारा जन्मला कधी, गेला कधी. प्रत्येक माणसाला एक क्रमांक, आणि तो क्रमांक इतर संस्थांच्या क्रमांकांना जोडलेला. इकडे काही बदललं की तिकडे आपोआप बदले. संचालकांना या जोडणीचं भारी कौतुक. त्यांच्या खोलीत भिंतीवर एक मोठा पडदा होता. ज्या नोंदीत एकही रकाना रिकामा नाही ती त्यावर हिरवी दिसे, बाकीच्या लाल. लाल रंग साहेबांना खपत नसे. आणि सगळ्यात जास्त लाली पसरवली होती ती मृत्युवर्षाच्या रकान्याने, कारण काही लोक अजून मेलेच नव्हते.

नुसतं 'हयात' असं लिहायची सोय का नाही, असं सूनबाईंनी एकदा विचारून पाहिलं होतं.

"ते दर वर्षी तपासत बसावं लागेल," संचालक म्हणाले. "मेलेला माणूस कसा, एकदा नोंदवला की कटकट मिटली."

मग यंत्र आलं. ते दुसऱ्यांच्या याद्या धुंडाळून त्याच नावाचा माणूस शोधी आणि त्याचं मृत्युवर्ष पुढे करी. नोंदणीकाराने एकेक ओळ वाचून हो किंवा नाही म्हणायचं, एवढंच काम. त्या मंगळवारी तीनशे बारा ओळी होत्या. सूनबाईंनी पहिल्या चाळीस डोळ्यांत तेल घालून तपासल्या, पुढच्या साठ वरवर पाहिल्या, आणि मग तळाशी 'सर्व मान्य' असं बटण होतं ते दाबलं. असलं बटण ठेवणाऱ्याला आधी धरायला हवं, हे खरं. पण दाबलं सूनबाईंनीच.

एकशे सत्त्याऐंशीव्या ओळीत त्यांच्या सासूबाई होत्या, माहेरच्या नावाने. तरुणपणी त्यांनी नदीवरच्या मोठ्या पुलाचं काम चार वर्षं, दर शनिवारी, परांचीवर चढून टिपलं होतं. त्याच नावाची कुणी नर्तकी एकोणीस वर्षांपूर्वी वारली होती. यंत्राने दोघींची एक बाई केली आणि तिला निकालात काढलं.

दोन महिन्यांनी अभिलेखागाराकडून घरी पत्र आलं. पुलाच्या फोटोंचं प्रदर्शन भरणार होतं आणि कैलासवासी छायाचित्रकाराच्या वारसांना सन्मानाने बोलावलं होतं. सासूबाईंनी चष्मा लावून ते मोठ्याने वाचलं. वय ब्याऐंशी, गुडघे कामातून गेलेले, जीभ मात्र शाबूत.

"अगं, मी गेले वाटतं," त्या म्हणाल्या. "मला तरी कळवायचंत!"

 सूनबाईंना ते बटण लख्ख आठवलं.

"यंत्राची चूक असेल, आई. उद्या करून घेते दुरुस्त."

"कर बाई. साठ वर्षं माझ्या फोटोंखाली 'अज्ञात' छापत आले मेले. आता कुठे नाव लावलं, तर मलाच पोचवून मोकळे झाले. त्या व्यासपीठावर मला माझ्या पायांनी चढायचंय."

दुसऱ्या दिवशी सूनबाई संचालकांकडे गेल्या.

"पुरावा?" संचालकांनी विचारलं.

"साहेब, आज सकाळी त्या माझ्याशी भांडल्या."

"भांडण हा स्रोत होत नाही. दोन छापील स्रोत आणा. आणि हे बघा, अकरा संस्था म्हणतात बाई वारल्या."

"त्या अकराही जणांनी आपल्याकडूनच उचललंय."

"बघा, केवढा विश्वास आहे आपल्यावर! तो घालवायचा?"

एक वाट होती. नोंदणीकाराने स्वतःची चूक लेखी मान्य केली, तर पुराव्याशिवाय नोंद त्याच दिवशी मागे घेता येई. मात्र ती चूक सेवापुस्तकात चढे. सूनबाईंची एकवीस वर्षांची नोकरी, एकही डाग नसलेली. त्यांनी मूग गिळले. घरी रोज विचारणा होई आणि रोज त्या सांगत, "चालू आहे, आई. वेळ लागतो." असे सहा आठवडे गेले.

उद्घाटनाच्या दिवशी संचालकांनी आधी भाषण केलं, मग सगळ्यांना एक मिनिट उभं राहून श्रद्धांजली वाहायला सांगितलं. सभागृह उठलं. तिसऱ्या रांगेत सासूबाई तेवढ्या बसून राहिल्या. शेजारच्या गृहस्थाने डोळे वटारले.

"माझ्यासाठीच उभे आहात ना?" त्या म्हणाल्या. "मग मला बसू द्या."

वारस म्हणून सूनबाईंना पुकारलं. त्या वर गेल्या, हातात सन्मानचिन्ह पडलं, समोर माइक आला. 'धन्यवाद' म्हणून उतरायचं त्यांनी घरूनच ठरवलं होतं. पण खाली सासूबाई काठी सरसावून बसल्या होत्या, अजून कुणीतरी बोलावेल म्हणून. ते सूनबाईंना बघवेना.

"या बाई मेलेल्या नाहीत," त्या म्हणाल्या. "तिथे बसल्यात. मृत्युवर्ष मी भरलं, न वाचता. आणखी दोनशे अकरा जणांचं असंच भरलंय. त्यांतले किती जिवंत आहेत, मला माहीत नाही."

 संचालकांनी माइकवर हात ठेवून हळूच विचारलं, "लेखी द्याल?"

"देते."

मग सासूबाई वर आल्या. चार पायऱ्यांना पाच मिनिटं लागली आणि पुढे आलेला प्रत्येक हात त्यांनी काठीने बाजूला सारला. टाळ्या मात्र त्यांनी पुरेपूर ऐकून घेतल्या.

घरी आल्यावर त्या दारातल्या खुर्चीवर बसून चपला काढू लागल्या. सूनबाई समोर उभ्या राहिल्या.

"आई, चुकलं माझं."

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. यंत्राची चूक म्हणालीस तेव्हा तू भिंतीशी बोलत होतीस."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलतेस का ते बघत होते." सासूबाईंनी दुसरी चप्पल काढली. "मारलंस त्याचं काही नाही गं. मीही माझ्या सासूला मनातल्या मनात चांगलं तीनदा मारलं होतं. पण दर वेळी तिचा चेहरा समोर असायचा. तू माझं नावसुद्धा वाचलं नाहीस."

 सूनबाई तिथेच उभ्या राहून रडल्या, आणि सासूबाईंनी त्यांना रडू दिलं.