सातवं नाव

"सहा नावं, मग स्वल्पविराम, मग 'आणि इतर'. यात न कळण्यासारखं काय आहे, सर?" ती फोनवर म्हणाली.

पलीकडे एका मोठ्या इस्पितळाचे विभागप्रमुख होते. त्यांच्या यादीत कुठे आठ नावं होती, कुठे तीन, आणि एका ठिकाणी नुसतंच 'वरीलप्रमाणे'. फोन ठेवून ती शेजारच्या मुद्रितशोधकाला म्हणाली, "पोटं फाडून परत शिवतात ही माणसं, पण एक स्वल्पविराम जागेवर पडेल तर शपथ."

त्या वैद्यकीय नियतकालिकाच्या कचेरीत तिचं काम एवढंच होतं. डॉक्टर लोक लेख लिहीत, आपण कोणाकोणाच्या संशोधनाचा आधार घेतला त्याची यादी शेवटी जोडत, आणि त्या यादीत सगळा आनंदीआनंद असे. ती एकेक नोंद मूळ लेखाशी ताडून बघे आणि नियतकालिकाच्या साच्यात बसवे; लेखक सहाहून जास्त असले, तर सहाच नावं ठेवून बाकीच्यांचं 'आणि इतर' करी. उभी हयात त्यात गेली. पाठीमागे तिला स्वल्पविरामबाई म्हणत, हे तिला ठाऊक होतं. नाव ठेवणाऱ्याने निदान नेमकं ठेवलं, असं तिचं म्हणणं होतं.

घरी दादा होता, तिचा थोरला भाऊ. वडील गेले तेव्हा तो शाळा सोडून दगडाच्या खाणीवर गेला, म्हणून ती शिकली. हे घरात कोणी कधी बोलून दाखवलं नाही. दादाने तर नाहीच. पुढे खाणीतल्या माणसांच्या फुप्फुसांचा अभ्यास करायला काही डॉक्टर आले. कामगार त्यांना दारात उभं करीनात. मग दादा त्यांच्याबरोबर झोपडी-झोपडीत गेला, खोकणाऱ्यांची समजूत काढली, त्यांना नळीत फुंकायला लावलं. डॉक्टर लोक सज्जन निघाले. लेख छापून आला तेव्हा लेखकांत सातवं नाव दादाचं होतं.

ती त्याला तेव्हा म्हणाली होती, "छापून येण्याचं एवढं काही नसतं रे दादा. दुसऱ्या कोणी आपल्या लेखाचा आधार घेतला, तर तो लेख खरा."

दादाने ते मनावर घेतलं. "बरोबर आहे. आपलं नाव आपणच घ्यायचं त्यात काय मोठं? दुसऱ्याने घ्यायला हवं." मग अधूनमधून जेवताना विचारायचा, "काय छोटे, घेतलं का कोणी नाव?" आधी थट्टेने विचारायचा. पुढे त्याचीही फुप्फुसं दगड झाली, नाकात नळी आली, खाट पुढच्या खोलीत आली, आणि थट्टा गेली. प्रश्न तेवढा राहिला.

त्या दिवशी दुपारी एक नवा लेख तिच्या पुढ्यात आला. दगडाची धूळ आणि फुप्फुसं. यादीच्या मध्यावर ती थबकली. तोच लेख होता. सातही नावं लिहिलेली होती, शेवटचं दादाचं. तिने ते ओठ हलवत वाचलं आणि काही विचार न करता घरी फोन लावला. वहिनीने तो दादाच्या कानाशी धरला.

"दादा, घेतलं रे कोणीतरी नाव तुझं."

पलीकडे नुसता श्वास ऐकू आला. मग तो म्हणाला, "घेऊन ये."

फोन ठेवून ती पुन्हा यादीकडे वळली, आणि तिचा हात सवयीने नावं मोजू लागला. सहाव्यापाशी थांबला. आजवर किती सातव्यांना तिने असं इतरांत ढकललं होतं, आणि एकदाही पापणी लवली नव्हती. आनंदाच्या भरात ती आपलाच नियम विसरली होती. तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

संपादक निवृत्त डॉक्टर होते, हळू आवाजात बोलणारे. ती त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"सर, एका नोंदीत सातही नावं ठेवता येतील का?"

"का बरं?"

"सातवा माझा भाऊ आहे. फार दिवस नाहीत त्याचे."

संपादकांनी चष्मा काढला. "बाई, गेल्या महिन्यात एका नोंदीतलं आठवं नाव तुम्ही छाटलंत. लेखकाच्याच मुलाचं होतं. तो माणूस इथे येऊन माझ्याशी भांडून गेला, आणि मी तुमच्या बाजूने उभा राहिलो."

"हो."

"मग आता मी काय सांगू?"

"काही नका सांगू. विचारलंच नाही, असं व्हायला नको म्हणून विचारलं."

जागेवर येऊन तिने सातवं नाव काढलं आणि 'आणि इतर' टाकलं. मग सातही नावांची एक वेगळी प्रत केली आणि तेवढं एक पान छापून पिशवीत घातलं. जन्मात तिने खोटं मुद्रित हातात धरलं नव्हतं. वाटभर तिला पिशवी जड लागत होती.

दार वहिनीने उघडलं. "माझ्याकडून दाढी करून घेतलीये," ती कुजबुजली. "म्हटलं, पाहुणे येणारेत का कोणी? तर म्हणतात, हो." डोळे पुसत ती चहा ठेवायला आत गेली.

दादा उशांना टेकून बसला होता. हनुवटीवर एक बारीकसा काप होता. त्याने पान हातात घेतलं आणि नोंदीवरून बोट फिरवत गेला. शेवटच्या नावावर बोट बराच वेळ थांबलं. तिला वाटलं, झालं, पार पडलं. पण बोट पुन्हा पहिल्या नावावर गेलं.

"छोटे, हे सात आहेत."

तिने पिशवी खांद्यावरून काढून खाली ठेवली.

"रोज जेवताना कोण... डोकं खातं मग? सहा... मग आणि इतर." एकेका शब्दामागे तो दम घेत होता.

"तुझ्यासाठी ठेवलंय."

"असंच छापणार?"

हो म्हणायचं, हे तिने वाटेतच ठरवून ठेवलं होतं. पण या माणसाशी ती कधी खोटं बोलली नव्हती, आणि आता शिकायला वेळ नव्हता.

"पेन्सिल दे," दादा म्हणाला.

तिने दिली. ती घरी मुद्रितं तपासायची तेव्हा तो वर्षानुवर्षं शेजारी बसून बघायचा. त्याने आपल्या नावावर आडवी रेघ ओढली, समासात शब्द काढून टाकायची ती शेपटीवाली खूण केली, जशी ती करते, आणि शेजारी लिहिलं, 'आणि इतर'. अक्षरं वेडीवाकडी आली.

"आता बरोबर?"

"आधी स्वल्पविराम हवा," ती म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं.

दादाने स्वल्पविराम दिला. मग पान छातीवर ठेवून त्याने डोळे मिटले. "घेतलं मात्र त्यांनी," तो म्हणाला. "त्यांनी सातही लिहिली होती ना?"

"लिहिली होती."

"मग झालं तर."

अंक छापून आला तेव्हा पुढच्या खोलीतली खाट काढून टाकली होती. प्राणवायूच्या यंत्राची घरघर नसल्याने घड्याळ ऐकू येत होतं. तिने अंक आणल्याचं कळलं तशी वहिनी हात पदराला पुसत बाहेर आली. वहिनीला वाचता येत नव्हतं.

"यात ते कुठे आहेत, वन्सं?"

तिने पान काढलं, नोंद शोधली, आणि 'आणि इतर'वर बोट ठेवलं.

"इथे," ती म्हणाली.

वहिनीने वाकून बघितलं, आणि त्या दोन शब्दांवरून हलकेच हात फिरवला.