गोटीरामचा न छापलेला माफीनामा

मित्रांनो, मी एक जुने सायक्लोस्टाइल यंत्र आहे. पंचवटीत गोटीरामच्या मागच्या खोलीत, मोडक्या सायकलीशेजारी पडून आहे. हँडल फिरवले की मेणकागदावर कोरलेली अक्षरे माझ्या शाईतून कागदावर उतरत. आता शाई वाळली आणि बोलायलाही कुणी उरले नाही.

पन्नास वर्षांपूर्वी मात्र काय थाट होता माझा! गोटीराम आणि त्याचे केस वाढवलेले मित्र माझ्यावर 'तर्री' नावाचे अनियतकालिक काढायचे. दैनिके ज्या सिनेमांची आरती ओवाळत, त्यांची गोटीराम सालटी काढायचा. थिएटरसमोरच्या टपरीवर ऐंशी प्रती हातोहात जात.

एकदा मात्र त्याने एका सिनेमाचे तोंड भरून कौतुक केले. 'नायक मरतो आणि थोड्या वेळाने बोहल्यावर उभा राहतो! काळाची केवढी धाडसी मोडतोड!'

चौथ्या दिवशी थिएटरचा ऑपरेटर यादव धापा टाकत आला. "गोटीरामभाऊ, कसला प्रयोग अन् कसलं काय! मालेगावहून रिळं उशिरा आली. घाईत पाचव्याच्या जागी सातवं लागलं. मालकाला पत्ता नव्हता. तुमचा लेख वाचला अन् मला काढलं ना राव!"

गोटीरामने लगेच माफीनामा कोरला, 'चूक न ओळखणारा मूर्ख मी. यादवला कामावर घ्या.' मित्र म्हणाले, "अरे, लोक हसतील आपल्याला." तेव्हा त्याने तो मेणकागद माझ्या ट्रेमध्ये सारला. म्हणाला, "उद्या काढू."

यादव मालेगावला निघून गेला. 'तर्री' बंद पडली. मला फार एकटे वाटले, आणि गोटीरामलाही. तो त्यानंतर सिनेमाला गेलाच नाही.

परवा मला भंगारात द्यायला त्याची मुलगी मंजुषा आली. तिने ट्रेमधला कागद उजेडात धरून वाचला. "बाबा, हे छापलंच नाही तुम्ही?"  दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा तो कागद घेऊन एकटाच मालेगावला गेला.

संध्याकाळी परतला तो माझ्याशेजारीच बसला. मंजुषाने विचारले, "भेटले का यादवकाका?"

"गेल्या वर्षीच गेला गं तो. त्याच्या बायकोनं पेटीतून तो अंक काढून दाखवला. म्हणाली, यांच्या कामाचं छापून आलेलं कौतुक एवढंच, म्हणून जपलं यांनी."

त्याने माझे हँडल धरले. ते जागचे हलले नाही.

मित्रांनो, यंत्राला वेळच्या वेळी तेल घाला. आणि माफीचा कागद कोरून झाला असेल, तर उद्यावर ढकलू नका.