बिनआवाजी पंखा

आमची ही, म्हणजे माझी बायको, लोकांना गाडी चालवायला शिकवायची. एकतीस वर्षं. निम्म्या गावाला ब्रेक कुठला आणि क्लच कुठला, हे हिनेच ओरडून सांगितलंय. हिची गाडी चौकात वळली की मला घरबसल्या कळायचं, कारण काच खाली आणि तोंडाचा पट्टा चालू. "अहो साहेब, आरसा काय भांग पाडायला दिलाय का?" शेजारी हसायचे. मीही हसायचो.

त्यामुळे हिचा घसा बसला तेव्हा आम्ही दोघांनीही मनावर घेतलं नाही. ओरडून बसला, दुसरं काय! चार महिने झाले तरी सुटेना, तेव्हा कुठे डॉक्टरकडे गेलो. त्यांनी नळी घालून आत पाहिलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. स्वरयंत्रात गाठ आहे, वाईट आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही. ऑपरेशनला अठरा दिवस होते.

घरी आलो. दारात चपला काढता काढता ही म्हणाली, "चला, सुटलात एकदाचे." मी असा काही भडकलो तिच्यावर, की जिन्यातली माणसं थांबली. मला भडकता येतं, रडता येत नाही. हे माझं नाही, तिचंच म्हणणं.

हॉस्पिटलात बोलण्याचे व्यायाम शिकवणारी एक मुलगी होती. तिने एक वाट दाखवली. ऑपरेशनच्या आधी हिने तीनशे वाक्यं कम्प्युटरवर वाचून ठेवायची. ती ऐकून कम्प्युटर हिचा आवाज शिकतो. पुढे ही टाईप करेल आणि तो हिच्या आवाजात बोलेल. "अगदी हुबेहूब नाही, पण ओळखू येईल," ती म्हणाली. पथ्यं दोनच. घशाला ताण नको म्हणून दिवसाला तीसच वाक्यं, आणि वाचताना खोलीत दुसरा आवाज नको.

कम्प्युटर होता घरात. आमची मुलगी नोकरीला परगावी गेली तेव्हा मागे ठेवून गेलेला, टेबलाखाली धूळ खात पडलेला. पहिल्या दोन दिवसांत साठ वाक्यं झाली. प्रत्येक वाक्यापुढे एक ठिपका यायचा. हिरवा म्हणजे उत्तम, पिवळा म्हणजे चालेल, लाल म्हणजे पुन्हा वाचा. आमचे साठही पिवळे.

मी हेडफोन लावून ऐकलं. हिच्या प्रत्येक शब्दामागे घरघर. कम्प्युटरच्या पोटातला, प्रोसेसर थंड ठेवणारा पंखा.

आता मी कोण, तर कारखान्यात मोठाल्या ब्लोअरचा फिटर. पंख्याचा नुसता आवाज ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचो. तिथे मला 'शंभर टक्के' म्हणायचे, कारण नव्व्याण्णव मला चालायचे नाहीत. घोडं पंख्यापाशी अडलंय म्हटल्यावर मला बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू? गाठीपुढे माझं काही चालत नव्हतं. पंख्यापुढे चालत होतं.

"पंख्याचा हा आख्खा कूलरच बदलतो," मी म्हटलं.

"पिवळं चालतं असं ती पोरगी म्हणाली ना? मग चालू द्या की," ही म्हणाली. आवाज खरखरीत झाला होता, पण होता.

"उरलेलं आयुष्य पंख्यासकट बोलणार आहेस का तू?"

"मग ते धूड पलीकडच्या खोलीत ठेवा आणि लांब वायर आणा."

"वायर लांबली की गुणगुण येते. तुला त्यातलं काय कळतं?"

वायर लांबली की गुणगुण येते, हे खरं आहे. पण इतकंही खरं नाही. तेव्हा ऐकायला मी जागेवर होतो कुठे! "अति तिथे माती," म्हणून ही अंघोळीला गेली. ती आत असतानाच मी ती साठ वाक्यं काढून टाकली. समोर राहिली की माणूस तडजोड करतो, हा माझा कारखान्यातला नियम. तिला काही सांगितलं नाही. नवी हिरवी आली की जुन्यांची आठवण कोण काढतंय!

कूलर यायला तीन दिवस होते. तेवढ्यात मी आणखी एक शहाणपण केलं. तिला बजावलं, कूलर येईपर्यंत तोंड उघडायचं नाही, घसा जपायचा, काय हवं ते वहीत लिहायचं. शिकाऊ माणसाने सिग्नल तोडून वर हसावं, तेव्हा टाकायची तशी नजर तिने माझ्याकडे टाकली. पण ऐकलं तिने. दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला. ही कानाला लावून "सोन्या" एवढंच म्हणाली आणि मी फोन काढून घेतला.

"बाबा, दोन मिनिटं तरी बोलू द्या ना तिला!"

"नंतर बोल हवं तितकं. आत्ता घसा जपतेय ती."

"नंतर म्हणजे कधी, बाबा?" मुलगी म्हणाली. मी फोन ठेवला.

सहाव्या दिवशी खोकं आलं. जुना कूलर म्हणजे तळहाताएवढा ॲल्युमिनियमचा तुकडा आणि वर वाटीएवढा पंखा. नवा चांगला वीतभर उंच, पातळ पत्र्यांची चळत, तिच्यातून गेलेल्या तांब्याच्या नळ्या आणि बाजूला मोठा पंखा. हिशेब सोपा आहे. छोट्या पंख्याला जीव तोडून पळावं लागतं म्हणून तो बोंबलतो. मोठा सावकाश फिरूनही तेवढीच हवा देतो आणि गप्प राहतो.

आख्खा बोर्ड बाहेर काढला, कारण नव्या कूलरची पट्टी मागच्या बाजूने बसते. ही समोर स्टुलावर बसून बॅटरीचा उजेड धरत होती. निघालेले स्क्रू एका वाटीत जमा करत होती. प्रोसेसरवर जुनी पेस्ट वाळून चुना झाली होती, ती मी स्पिरिटने पुसली. नवी मटाराच्या दाण्याएवढी लावली. ही पेस्ट उष्णता कूलरपर्यंत पोचवते, मध्ये हवेला जागा ठेवत नाही. मग कूलर उचलला आणि अलगद वर टेकवणार, इतक्यात हिने माझं मनगट धरलं. तोंड उघडलं.

"श्शू!" मी म्हटलं. "घसा."

ती कूलरच्या बुडाकडे बोट दाखवत होती. मला वाटलं, नीट धरा म्हणतेय. पस्तीस वर्षं मी काय केलं मग? मी तिचा हात बाजूला केला, कूलर बसवला, स्क्रू समोरासमोरचे धरून अर्धा अर्धा आटा आवळले. गाडीच्या चाकाचे नट आवळतात तसे. ते बरोबर होतं, ती मान डोलावत होती. पण नजर बुडाकडेच.

कम्प्युटर चालू केला. तापमान पन्नास, सत्तर, नव्वद, पंच्याण्णव. नवा पंखा जुन्याच्या वरताण ओरडला आणि दोन मिनिटांत सगळं बंद. मी कूलर बनवणाऱ्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या. अर्धा तास बोलल्यावर पाणी प्यायला थांबलो, तेव्हा हिने वही पुढे केली. लिहिलं होतं: "खाली प्लास्टिक आहे. तेच सांगत होते."

कूलर उतरवला. बुडाला पारदर्शक पापुद्रा, त्यावर ठळक अक्षरात लिहिलेलं, बसवण्याआधी काढा. पेस्ट सगळी त्या प्लास्टिकला फासलेली. सोबत आलेल्या इवल्या ट्यूबमध्ये होती नव्हती तेवढी संपली. नवी आणण्यात पुढचा दिवस गेला.

आठव्या दिवशी मात्र जमलं. पापुद्रा काढला, पेस्ट लावली, कूलर बसवला. तापमान पंचेचाळीसवर जाऊन बसलं ते हलेना. मग मी सेटिंगमध्ये शिरलो. साठ अंशांपर्यंत पंख्याने वेग वाढवायचा नाही, असं ठरवून दिलं. आधी तो जरा कुठे खुट्ट झालं की दचकून पळायचा, ते थांबलं. मागच्या पंख्याखाली रबराचे तुकडे घातले. पाच वाजता चाचणीला एक ओळ मीच वाचली, "आज हवा छान आहे," आणि पुढे ठिपका उमटला. हिरवा! मी लहान पोरासारखी टाळी वाजवली.

ही तयारच होती. वाक्यांचा कागद घेऊन माईकसमोर बसली आणि म्हणाली, "चला." पाच दिवसांतला दुसरा शब्द. पहिला मुलीसाठी होता.

मी मात्र कान लावून उभा. मागच्या पंख्यात बारीकशी थरथर होती. कुणाला ऐकू आली नसती. मला येत होती.

"आज नको," मी म्हटलं. "एवढी थरथर काढतो. सकाळी तुझा घसाही ताजा असेल. दहा दिवस आहेत, दिवसाला तीस, बरोबर तीनशे. कशाला घाई?"

तिने कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कागद ठेवून दिला. भांडली नाही. भांडली असती तर मी ऐकलं असतं का? नसतंच ऐकलं. पण ती भांडली नाही, हे मला अजून सलतं.

सकाळी चहाचा कप उचलला आणि हिला श्वास घेता येईना. घशातून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. ओठ निळे. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मी तिची पाठ चोळत होतो आणि "काही नाही, काही नाही" म्हणत होतो. तिने माझा हात धरून दोनदा काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. काय ते कळलं नाही. हॉस्पिटलात पोचताच गळ्याला छेद देऊन नळी घातली. गाठीला सूज आली होती, थांबण्यात अर्थ नाही म्हणाले, आणि तिसऱ्या दिवशी स्वरयंत्र काढलं. नळी घातल्यापासून आवाज नव्हताच.

जीव वाचला. डॉक्टरांनी शब्द पाळला.

महिन्याने तपासणीला गेलो तेव्हा ती बोलण्याचे व्यायाम शिकवणारी मुलगी भेटली. म्हणाली, "तीनशे नसली तरी हरकत नाही. पन्नास असतील तरी काहीतरी जमवता येतं. पिवळीसुद्धा चालतील. किती झाली होती तुमची?"

हिने माझ्याआधी वही ओढली आणि मोठ्या आकड्यात लिहिलं, साठ. खाली दोन रेघा मारल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. ती व्यायामवाली म्हणाली, "अरे वा, मग झालंच की!" मी खिडकीबाहेर बघत होतो. घरी येताना रस्ताभर हिने माझा हात धरला होता. मी मेल्याहून मेल्यासारखा बसलो होतो.

घरात शिरल्याबरोबर तिने कम्प्युटर लावला. पंख्याचा आवाज नसल्यामुळे चालू झालाय की नाही ते बघायला तिला वाकून दिवा शोधावा लागला. यादी उघडली. एकच वाक्य होतं, आज हवा छान आहे. तिने ते लावलं, माझा आवाज आला. तिने यादी वर नेली, खाली आणली. मग माझ्याकडे वळली.

"मीच काढली," मी म्हटलं. "दुसऱ्याच दिवशी. तू अंघोळीला गेली होतीस. घरघर होती म्हणून. मला वाटलं, नवी करू. सगळी हिरवी."

तिच्या डोळ्यांत राग असता तर मी तो झेलला असता. एकतीस वर्षं लोकांनी झेललाच होता. राग नव्हता. मला तिच्यासमोर उभं राहवेना.

"अगं, ओरड ना माझ्यावर!" मी म्हटलं.

म्हटलं आणि जीभ चावली.

तिने वही घेतली. कितीतरी वेळ लिहीत होती, मध्येच खोडत होती. मग वही माझ्यापुढे सरकवली, माझ्या तोंडाकडे बोट केलं आणि हाताने खूण केली: वाचा. मोठ्याने.

मी वाचलं, "अहो शहाणे, पाच दिवस मला गप्प बसवलंत. ते माझ्या आवाजाचे शेवटचे दिवस होते. मला पोरीशी बोलायचं होतं. तुमच्याशी भांडायचं होतं. मला भीती वाटत होती, ते सांगायचं होतं. त्याला कम्प्युटर कशाला लागतो?"

माझा आवाज अगदीच आत गेला होता. तिने टेबलावर चापट मारली. मोठ्याने! मी पुन्हा वाचलं. "मला भीती वाटत होती" इथे माझं गाडं अडलं. तिने त्याच ओळीवर बोट ठेवलं आणि उचललं नाही. मी ती ओळ चार वेळा वाचली, मोठ्याने, शेजारी ऐकतील म्हणून थांबलो नाही. नाकातून पाणी येत होतं. मला रडता येतं हे तिलाही तेव्हाच कळलं असेल.

मग तिने पान उलटलं. कोऱ्या पानावर काहीतरी लिहिलं, स्वतःचा फोन उचलला आणि मुलीचा नंबर लावून माझ्या तोंडासमोर धरला.

"आई?" मुलगी म्हणाली. तिच्या फोनवर आईचं नाव आलं असणार. मग तिचं तिलाच आठवलं.

हिने दुसऱ्या हाताने वही माझ्यापुढे धरली. अक्षर नीट होतं.

"सोन्या," मी वाचलं, "मी आई बोलतेय."